मागच्या लॉटचे दोन तुकडे होणार आहेत, नोटीस आली. सुनावणीला काय विचारू? (न्यू जर्सी)

पायवाट (धागाकर्ती)

सोमवारी सर्टिफाइड पत्र आलं. प्रॉपर्टी टॅक्सचं काहीतरी असेल म्हणून सही करून घेतलं. उघडलं तर टाउनशिपच्या प्लॅनिंग बोर्डापुढच्या सुनावणीची नोटीस. आमच्या मागच्या कुंपणाला लागून असलेल्या लॉटचे दोन तुकडे करायचे आहेत: मायनर सबडिव्हिजन (लॉटचे मोजके तुकडे करायची परवानगी) आणि सोबत दोन 'सी' व्हेरियन्स, म्हणजे झोनिंगच्या, कुठे किती मापाचं बांधायचं त्या नियमांतून सूट. सुनावणी 12 दिवसांवर आहे.

लॉट 150 फूट रुंद आणि 140 फूट खोल आहे. आमच्या झोनमध्ये किमान क्षेत्र 10,000 चौरस फूट आणि रस्त्याकडची रुंदी किमान 85 फूट लागते. दोन तुकडे केले की प्रत्येकी 75 फूट रुंदी आणि 10,500 चौरस फूट क्षेत्र. क्षेत्र बसतं, रुंदी दोन्हीकडे दहा दहा फूट कमी पडते. जुनं घर डावीकडे आहे, ते राहणार. उजवीकडे आज गवत आणि एक मोठा ओक आहे, तिथे नवं दुमजली घर येणार.

माझी काळजी पाण्याची आहे. तो लॉट आमच्यापेक्षा उंचावर आहे. जोराचा पाऊस झाला की त्या गवतातून पाणी झिरपत आमच्या कुंपणाच्या कोपऱ्यात येतं आणि तळघरातला पाणी उपसणारा संप पंप सुरू होतो. 2021 च्या सप्टेंबरमध्ये आयडा वादळाच्या रात्री वीज गेली, पंप बंद पडला आणि पहाटे तळघरात घोटाभर पाणी होतं. मुलांच्या लहानपणीच्या फोटोंचं एक खोकं त्यात गेलं. आता त्या गवताच्या जागी छप्पर आणि ड्राइव्हवे आला तर काय होईल, या विचाराने झोप लागत नाही.

काल संध्याकाळी मागे गेले तर सर्व्हेवाल्यांनी लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या, प्रत्येकीला गुलाबी फीत. एक खुंटी ओकच्या बुंध्यापासून जेमतेम चार पावलांवर.

शेजारी वयस्कर गृहस्थ आहेत, फार चांगले. निवृत्तीसाठी पैसे लागणार आहेत असं त्यांनीच मला सांगितलं. त्यांच्याशी भांडायचं नाही. गल्लीतले लोक सह्यांचं निवेदन तयार करताहेत, त्यावर सही करू का? विरोध करायचा की नाही हेच ठरत नाहीये. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

---

मोजपट्टी

पायवाट, मी सिव्हिल इंजिनिअर आहे, ड्रेनेजचंच काम करतो. निवेदन बाजूला ठेवा आणि उद्या टाउनशिपच्या ऑफिसात जा. अर्जाचे नकाशे आणि कागद सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी लोकांना बघायला ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. बऱ्याच टाउनशिप हल्ली ते वेबसाइटवरही टाकतात, पण मोठा छापील नकाशा टेबलावर पसरून बघण्याला तोड नाही.

त्यात 'ग्रेडिंग अँड ड्रेनेज' नावाचा कागद शोधा. पातळ तुटक रेषा म्हणजे आजच्या जमिनीचा उतार आणि ठळक रेषा म्हणजे बांधकामानंतरचा. बोट एका रेषेवर ठेवा आणि रेषेला काटकोनात उताराकडे सरकवत न्या. पाणी त्याच वाटेने जाणार. ती वाट तुमच्या कुंपणापाशी संपत असेल तर तुमचा प्रश्न तयार झाला.

दुसरं. राज्याचे स्टॉर्मवॉटर (पावसाच्या पाण्याचे) नियम 'मेजर डेव्हलपमेंट'ला लागू होतात, म्हणजे साधारण एक एकर किंवा जास्त जमीन उकरली जाणार असेल, किंवा पाव एकर किंवा जास्त नवं पक्कं आच्छादन येणार असेल तर. तुमच्या मागचा अख्खा लॉटच अर्ध्या एकराच्या आत आहे, एका घराने पाव एकराचं आच्छादन होत नाही. त्यामुळे राज्याचे नियम बहुधा आड येणार नाहीत. जे काही संरक्षण मिळेल ते टाउनशिपच्या स्वतःच्या ऑर्डिनन्समधून (स्थानिक कायद्यातून) आणि बोर्डाने घातलेल्या अटींतून. म्हणूनच सुनावणीला जाणं महत्त्वाचं आहे.

नकाशात ड्रायवेल दाखवली आहे का, ते बघा. जमिनीत पुरलेली, सच्छिद्र, भोवती खडी भरलेली टाकी. छपराचं पाणी पन्हाळीतून तिच्यात सोडतात. दाखवली असेल तर माती तपासणीचा अहवाल मागा. पावसाळी दिवसांत भूजल किती वर येतं हे न मोजता काढलेल्या ड्रायवेलवर माझा विश्वास नाही. खालून पाणी भरलेलं असेल तर वरून येणारं जाणार कुठे?

---

सातवी_खुर्ची

मी दुसऱ्या एका टाउनशिपच्या प्लॅनिंग बोर्डावर सहा वर्षं बिनपगारी काम केलं आहे. खुर्चीच्या त्या बाजूने काय दिसतं ते लिहितो.

सह्यांच्या निवेदनाने काही साधत नाही. बोर्डाचं काम न्यायालयासारखं चालतं. साक्ष शपथेवर होते, रेकॉर्ड होते, आणि साक्षीदाराला उलट प्रश्न विचारायचा हक्क समोरच्याला असतो. कागदावरच्या सहीला प्रश्न विचारता येत नाही. आमचे वकील असं निवेदन आलं की ते पुराव्यात घेऊ नका म्हणायचे. चाळीस सह्यांपेक्षा एक माणूस स्वतः येऊन शपथेवर 'त्या रात्री माझ्या तळघरात पाणी होतं, हे फोटो' म्हणाला की तो पुरावा होतो. फोटो छापून न्या, मागे तारीख लिहा, चार-पाच प्रती ठेवा.

सभासदांना आधी फोन करू नका, रस्त्यात गाठू नका. ज्याच्याशी बोलाल त्यालाच त्या अर्जावरून बाजूला व्हावं लागू शकतं.

सुनावणीत लोकांना दोनदा संधी मिळते आणि इथेच बहुतेक जण गडबडतात. अर्जदाराच्या प्रत्येक साक्षीदारानंतर, म्हणजे इंजिनिअर, मग प्लॅनर, तुम्ही फक्त प्रश्न विचारू शकता. मत नाही. 'मला भीती वाटते की...' अशी सुरुवात केली की अध्यक्ष थांबवतात, माणूस हिरमुसतो आणि पुढे बोलतच नाही. मत मांडायची वेळ शेवटी येते, तेव्हा शपथ देतात.

आता कायदा. न्यू जर्सीत हे सगळं 1975 च्या म्युनिसिपल लँड यूज लॉ खाली चालतं. 'सी' व्हेरियन्सचे दोन रस्ते आहेत. पहिला सी-वन, हार्डशिपचा: लॉट मुळातच अरुंद, उथळ, वेड्यावाकड्या आकाराचा, किंवा जमिनीत काही वेगळी नैसर्गिक अडचण, त्यामुळे नियम तंतोतंत पाळणं फार जाचक होतं. दुसरा सी-टू: नियमातून सूट दिल्याने झोनिंगचा एखादा हेतू जास्त चांगला साधतो आणि फायदा तोट्यापेक्षा ठळकपणे मोठा आहे.

तुमच्या मागचा लॉट आज पूर्ण नियमात आहे. 150 फूट रुंद, चौकोनी. तो अरुंद होणार तो मालकाने कापल्यामुळे. स्वतः ओढवून घेतलेल्या अडचणीला सी-वनमध्ये जागा नाही. म्हणजे त्यांचा वकील सी-टूनेच येणार. तिथे 1988 चा कॉफमन विरुद्ध वॉरन टाउनशिपचा निकाल वाचा. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की फायदा मालकाच्या खिशाचा असून चालत नाही, समाजाचा हवा.

आणि दोन्ही रस्त्यांना एक सामाईक अट आहे, 'निगेटिव्ह क्रायटेरिया': सार्वजनिक हिताला मोठी बाधा नको, झोन प्लॅनच्या हेतूला मोठा धक्का नको. तुमचं पाणी इथे बसतं.

---

नवखा_मालक

दोन शंका. मालक वयस्कर आहेत, पैशाची खरी गरज आहे. ही हार्डशिप नाही का? आणि व्हेरियन्स असेल तर झोनिंग बोर्डाकडे जायला हवं ना, प्लॅनिंग बोर्डाकडे कसं?

---

सातवी_खुर्ची

@नवखा_मालक, हार्डशिप जमिनीची बघतात, माणसाची नाही. कारण व्हेरियन्स जमिनीसोबत राहतो. उद्या त्यांनी लॉट विकला तरी तो 75 फुटांचाच राहणार, त्यांच्या नातवाच्या पिढीतही. माणसाची गरज बघून कायमची सूट द्यायला लागलो तर प्रत्येक घरात काही ना काही गरज आहेच. बोर्डावर असताना हे सांगणं मला सगळ्यात जड जायचं. समोर एखादी बाई नवऱ्याच्या आजारपणाबद्दल बोलत असायची आणि आम्हाला लॉटच्या आकाराबद्दल विचारायला लागायचं.

बोर्डाचं असं: सबडिव्हिजन प्लॅनिंग बोर्डाचं काम, आणि त्यासोबत लागणारे 'सी' व्हेरियन्स तेच बोर्ड देऊ शकतं. 'डी' व्हेरियन्स लागला तर सगळा अर्ज बोर्ड ऑफ ॲडजस्टमेंटकडे, म्हणजे तुम्ही म्हणता त्या झोनिंग बोर्डाकडे, जातो. निवासी झोनमध्ये दुकान, परवानगीपेक्षा जास्त घनता, मर्यादेपेक्षा 10 फूट किंवा 10 टक्क्यांहून जास्त उंची, असली मोठी प्रकरणं. तिथे निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत, सातपैकी पाच मतं बाजूने पडावी लागतात. मायनर सबडिव्हिजनमधल्या एक-दोन कुटुंबांच्या घरांच्या लॉटचं क्षेत्र कमी पडलं तर ते कायद्याने 'डी'त न धरता 'सी'तच धरलं आहे. इथे तर क्षेत्र पुरतंयच.

---

दोन_दारं

मी दुसऱ्या बाजूने गेलो आहे, म्हणून लिहितो. आठ वर्षांपूर्वी आमच्या मोठ्या लॉटचे दोन भाग करून भावाला शेजारी घर बांधून द्यायचं होतं. अर्ज, सर्व्हे, वकील, आणि टाउनशिपच्या इंजिनिअरचा खर्चसुद्धा आमच्याच एस्क्रो खात्यातून, म्हणजे टाउनशिपकडे आगाऊ ठेवलेल्या पैशातून. तेवढं धरून चाललो होतो.

सुनावणीला खोली भरली होती. ज्यांच्याकडे आम्ही जेवायला गेलो होतो ती माणसं उठून बोलत होती. एक जण म्हणाले, 'उद्या तिथे कोण राहायला येईल काय सांगावं.' माझी बायको पहिल्या रांगेत बसली होती. तिने त्यांच्याकडे वळून पाहिलं, काही बोलली नाही. अध्यक्षांनी ते वाक्य तिथेच थांबवलं, कारण कोण राहणार हा बोर्डाचा विषय नाही. पण कानावर पडलं ते पडलं.

त्याच सुनावणीत पलीकडच्या घरातल्या एक बाई उभ्या राहिल्या, हातात छापलेला नकाशा. त्यांनी इंजिनिअरला विचारलं, 'तुमच्या ड्राइव्हवेतून गाडी रिव्हर्स येताना तिचे दिवे माझ्या मुलाच्या खिडकीवर पडणार. ड्राइव्हवे लॉटच्या दुसऱ्या कडेला का नाही?' आमच्या इंजिनिअरकडे उत्तर नव्हतं. आम्ही ड्राइव्हवे हलवला. आज त्या आमच्या सगळ्यात जवळच्या शेजारी आहेत.

पायवाट, सुनावणीच्या आधी त्या गृहस्थांच्या घरी जा. तळघराबद्दल त्यांना माहीतच नसेल.

---

उंबरठा

सगळे कायद्याचं बोलताहेत, मला त्या 85 फुटांबद्दल बोलायचं आहे. ते कुठून आले? बहुतेक गावांत घरं आधी उभी राहिली आणि किमान रुंदीचा आकडा नंतर आला, अनेकदा आधीच्या घरांपेक्षा मोठा. मोठा लॉट म्हणजे महाग घर, म्हणजे ठरावीक माणसंच येणार. झोनिंगला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1926 साली ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात मान्यता दिली, तेव्हा त्याच निकालात अपार्टमेंटच्या इमारतीला घरांच्या वस्तीवरचं बांडगूळ म्हटलं होतं.

आणि आपण न्यू जर्सीत आहोत. माउंट लॉरेल हे गाव इथलंच. एथेल लॉरेन्स नावाच्या बाईंच्या कुटुंबाच्या पिढ्या तिथे गेल्या होत्या, पण गावाच्या झोनिंगमुळे कमी उत्पन्नाच्या लोकांना परवडणारी घरं तिथे बांधता येत नव्हती. त्यांचा लढा कोर्टात गेला आणि 1975 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की झोनिंगचा वापर करून कमी उत्पन्नाच्या लोकांना बाहेर ठेवता येणार नाही. 1983 मध्ये पुन्हा, आणखी कडक शब्दांत. त्यांच्या नावाची वसाहत आज तिथे उभी आहे. मागच्या लॉटवर एक नवं घर येणं ही काही परवडणाऱ्या घरांची योजना नाही, हे मलाही कळतं. तरी 'रुंदी कमी आहे' एवढ्यावर विरोध करण्याआधी टॅक्स मॅप (टाउनशिपचा लॉटची मापं दाखवणारा नकाशा) उघडा आणि तुमच्या गल्लीतले लॉट खरोखर किती फुटांचे आहेत ते मोजा, एवढीच विनंती.

---

पायवाट

आज अर्धा दिवस रजा काढून गेले होते. क्लार्कबाईंनी मोठ्या टेबलावर नकाशे पसरून दिले. मोजपट्टी, बोट फिरवलं. तुम्ही म्हणालात तसंच. पाण्याची वाट ओकच्या बाजूने वळून थेट आमच्या कोपऱ्याकडे येते आणि कागदाच्या कडेला संपते. कडेच्या पुढे माझं घर आहे, ते नकाशात नाहीच. ड्रायवेल एक दाखवली आहे, पण छपराच्या पुढच्या अर्ध्या भागाचंच पाणी तिच्यात जातं. मागच्या अर्ध्याचं गवतावर. माती तपासणीचा अहवाल फाइलमध्ये नाही.

उंबरठा, टॅक्स मॅपही बघितला. आमच्या ब्लॉकमध्ये आणि समोर मिळून 23 लॉट आहेत. त्यातले 14 लॉट 85 फुटांपेक्षा अरुंद. चौदाव्यावर बोट ठेवलं आणि आकडा पुन्हा वाचला. तो आमचा आहे, 70 फूट. सोळा वर्षं राहतेय, मला माहीत नव्हतं.

रुंदीबद्दल मी काही बोलणार नाही. पाण्याबद्दल बोलेन.

---

नवखा_मालक

थोडं विषयांतर, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. माझ्या शेजारी 50 फुटांचा रिकामा लॉट आहे. त्याच्या मालकाच्या वकिलाचं पत्र आलंय: एकतर तुमच्या जागेतली पट्टी आम्हाला विका, नाहीतर आमचा लॉट तुम्ही विकत घ्या. ही धमकी आहे का?

---

मोजपट्टी

धमकी नाही, रीतसर पायरी आहे. तो 'आयसोलेटेड अंडरसाइज्ड लॉट', म्हणजे एकटा पडलेला कमी मापाचा लॉट आहे, तिथे सी-वनची हार्डशिप लागू पडू शकते. पण त्याआधी मालकाला दाखवावं लागतं की शेजारची जागा घेऊन लॉट नियमात आणायचा किंवा शेजाऱ्याला योग्य भावात विकायचा प्रयत्न केला. तुम्ही वाजवी किंमत देऊ केली आणि त्यांनी नाकारली, तर त्यांची हार्डशिप ढिली पडते. पत्राला उत्तर नक्की द्या, लेखी. आणि दोन्ही लॉट एकाच नावावर करायच्या आधी वकिलाला विचारा. एकाच मालकाचे लागून असलेले कमी मापाचे लॉट कायद्याच्या नजरेत एक होऊ शकतात, 1967 पासूनचा लोएशनर निकाल आहे. मग ते परत वेगळे करायला सबडिव्हिजनच लागते.

---

पायवाट

काल सुनावणी झाली. आधी घरी जाऊन शेजाऱ्यांशी बोलले होते, दोन_दारं यांचं ऐकून. तळघराचे फोटो दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, 'तू कधी बोलली नाहीस.' खरंच बोलले नव्हते.

इंजिनिअरच्या साक्षीनंतर तीन प्रश्न विचारले, लिहून नेले होते. मागच्या अर्ध्या छपराचं पाणी कुठे जातं? भूजल मोजलंय का? माझी जागा नकाशात का नाही? पहिल्या प्रश्नाला ते म्हणाले, 'लॉनवर पसरेल.' मी विचारलं, 'आणि लॉननंतर?' त्यावर बोर्डाच्या इंजिनिअरने पेन खाली ठेवलं आणि स्वतःच पुढचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. दहा मिनिटं चाललं. मला खाली बसायचंही सुचलं नाही, माइकपाशीच उभी होते.

सुनावणी पुढच्या महिन्यात ढकलली आहे. अर्जदार माती तपासून नवा नकाशा आणणार. तारीख तिथेच जाहीर केली, आता वेगळी नोटीस येणार नाही म्हणे.

---

सातवी_खुर्ची

बरोबर, तारीख वहीत लिहून ठेवा, पत्राची वाट बघू नका. नवा नकाशा पुन्हा जाऊन बघा. काल गैरहजर असलेला सभासद रेकॉर्डिंग ऐकून तसं लेखी दिलं तर मत देऊ शकतो, त्यामुळे कालचं तुमचं सगळं बोलणं कामी येणार.

---

पायवाट

निकाल लागला. 6 विरुद्ध 2, मंजूर.

नव्या नकाशात दोन ड्रायवेल आहेत, छपराचं सगळं पाणी त्यांत. मागच्या हद्दीला उथळ चर, तो रस्त्याच्या कॅच बेसिनकडे (पावसाचं पाणी घेणाऱ्या जाळीच्या खड्ड्याकडे) वळवला आहे. माती तपासली तेव्हा एका जागी भूजल बरंच वर निघालं म्हणून ती ड्रायवेल पुढे सरकवली. न मोजता बांधली असती तर? घर रस्त्याकडे थोडं पुढे घेतल्यामुळे ओक वाचतोय, बांधकाम संपेपर्यंत त्याच्याभोवती कुंपण घालायची अट आहे. त्यांच्या प्लॅनरने रुंदीसाठी आमच्या गल्लीचा तोच टॅक्स मॅप दाखवला. 14 लॉट. मी मान डोलावली.

विरोधात गेलेल्या दोघांपैकी एका सभासदाने सांगितलं की त्यांना यात समाजाचा फायदा दिसत नाही, फक्त मालकाचा दिसतो. त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि मंजुरी मिळाली याचंही वाईट वाटलं नाही. दोन्ही कसं ते सांगता येत नाही.

आता एक प्रश्न. ड्रायवेलची देखभाल नव्या मालकाने करायची अशी अट बोर्डाने तोंडी घातली. ती कागदावर कशी येते? पाच वर्षांनी ती गाळाने भरली तर कुणाला धरायचं?

---

मोजपट्टी

तोंडी अटीवर थांबू नका. पुढच्या एखाद्या सभेत लेखी रेझोल्यूशन (ठराव) संमत होईल, त्यासाठी बोर्डाला 45 दिवस असतात. ते क्लार्ककडून घ्या आणि प्रत्येक अट तुमच्या टिपणांशी ताडून बघा. देखभालीची अट त्यात आहे का, आणि ती डीडमध्ये (मालकीच्या दस्तात) नोंदवायची असं स्पष्ट लिहिलंय का, एवढं बघा. सुटलं असेल तर लगेच बोर्डाच्या सेक्रेटरीला लेखी कळवा. मायनर सबडिव्हिजनची डीड किंवा प्लॅट (तुकड्यांचा नकाशा) रेझोल्यूशनपासून 190 दिवसांत काउंटीत नोंदवावी लागते, नाहीतर मंजुरी संपते. तेव्हा मधे वेळ आहे. नोंदलेल्या डीडची प्रत काउंटी क्लार्ककडे कुणालाही मिळते, ती काढून घरच्या कागदांत ठेवा. नोंदलेली अट पुढच्या प्रत्येक मालकाला लागू राहते. पाच वर्षांनी गाळ साचला तर ती प्रत घेऊन टाउनशिपच्या इंजिनिअरकडे जा.

आणि बांधकाम सुरू झालं की ड्रायवेल पुरायच्या दिवशी खड्ड्याचा फोटो काढा. भोवती खडी आणि कापड दोन्ही दिसलं पाहिजे. नंतर वर गवत आलं की काही दिसत नाही.

---

पायवाट

काढते. शेजारी म्हणालेत, खड्डा खणतील त्या दिवशी सकाळी हाक मारतो.